कोपऱ्यावरच्या गाडीचा डबा

आमच्या गल्लीत कुठलीही बातमी आधी माईंना कळते आणि मग ती ज्यांच्या घरची असेल त्यांना. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या चिरंजीवांनी गाडीचा सायलेन्सर काढून टाकलाय, हे त्याच्या आईला माईंनीच सांगितलं. "तरीच म्हटलं, आमच्या काचा का वाजतात!" असं त्या म्हणाल्या म्हणे. गाडी उभी त्यांच्या दारात, काचा वाजतात त्यांच्या, आणि कारण ठाऊक तीन घरं सोडून माईंना.

कोथरूडच्या जुन्या बंगल्यांच्या सोसायट्यांमध्ये दोन घरांमधली भिंत छातीएवढीच असते. कोपरं टेकून बोलायला अगदी बेताची. माई पलीकडून कढीपत्ता खुडत होत्या, मी अलीकडे दोरीवरचे कपडे काढत होते.

"रोज साडेअकराला येतो," माई म्हणाल्या. "चांदणी चौकातून खाली उतरला की मला इथं कळतं. हे आपले घोरत असतात, यांना काय!"

"मी जागा असतो," आतून अप्पांचा आवाज आला. "ऐकत असतो. चौथ्या गिअरवरून तिसऱ्यात येते गाडी, तेव्हा एक फट् होतं."

अप्पा इंजिनं बनवणाऱ्या कमिन्समधून निवृत्त झालेले. इंजिन या विषयावर त्यांना विचारावं लागत नाही, थांबवावं लागतं. पेपर हातात घेऊनच ते बाहेर आले आणि भिंतीला टेकले.

"गाडी कुठली आहे ठाऊक आहे ना वहिनी? पोलो जीटी टीएसआय. आपली चाकणचीच. एक पूर्णांक दोन लिटरचं चार सिलिंडरांचं इंजिन, टर्बो, १०५ अश्वशक्ती. २०१३ साली बाजारात आली तेव्हा त्याच्या वडिलांना मीच म्हटलं होतं, घेऊन टाका."

"म्हणजे सगळं मूळ इथंच आहे," माई म्हणाल्या.

"वडिलांनी इतकी वर्षं चालवली, एक आवाज नाही. पोराच्या हातात आली आणि पहिला काय गेला, तर मागचा डबा. मी विचारलं त्याला. तर म्हणतो, अप्पाआजोबा, टर्बो गाडीला सायलेन्सर लागतच नाही. टर्बो हाच सायलेन्सर."

"मग तुम्ही झापलंत ना?"

"झापणार कसं? अर्धं बरोबर होतं."

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी काय भोगलंय.

मला मात्र आता ऐकायचंच होतं, कारण आमच्या घरी भाचा येतो त्याच्याकडेही टर्बोची गाडी आहे आणि त्याचीही चाल हल्ली ठीक दिसत नाही. अप्पांनी पेपराची घडी केली. इंजिनाचा आवाज म्हणजे काय, तर सिलिंडरची झडप उघडली की आतला तापलेला वायू दाबाने बाहेर मुसंडी मारतो, त्याचे एकामागून एक धक्के. साध्या गाडीत हे धक्के पाइपातून सरळ मागे येतात आणि मागच्या डब्यात त्यांची जिरवाजिरवी होते. टर्बोच्या गाडीत वाटेत आधी एक चक्र बसवलेलं असतं. हे धक्के त्याच्या पात्यांवर आदळतात, चक्र फिरवतात, मिनिटाला लाख-दोन लाख फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. म्हणजे जी ताकद आवाज होऊन वाया जायची, तिच्यातली बरीच इथं कामाला लागते. उरतो तो आवाज कमी असतो आणि त्याची धारही बोथट झालेली असते.

"आमच्या कंपनीने १९५२ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली होती," अप्पांचा आवाज चढला. "डिझेल! आणि सुरुवातीच्या रांगेत पहिला नंबर! सगळे हसत होते, ते गप्प बसले."

"जिंकली का?" माईंनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ असणार.

"टर्बोच्या हवेच्या तोंडात टायरांच्या रबराचा चुरा अडकला. बाहेर पडली."

"दर वेळी इथंच येऊन अडकते," माई मला म्हणाल्या.

खरी गंमत अप्पांनी पुढे सांगितली. त्यांचा पुतण्या २०११ साली दिल्लीजवळ फॉर्म्युला वनची शर्यत बघायला गेला होता. तेव्हा त्या गाड्यांना आठ सिलिंडरांची बिनटर्बोची इंजिनं होती, मिनिटाला अठरा हजार फेरे. कानात बोळे घालूनही पुतण्या दोन दिवस "काय? काय?" करत होता. २०१४ साली नियम बदलले, सहा सिलिंडर आणि टर्बो आला. सायलेन्सर ना आधीच्या गाड्यांना होता, ना नंतरच्या. तरी नव्या गाड्या इतक्या हळू बोलायला लागल्या, की प्रेक्षकांनी आम्हांला आवाज हवाय म्हणून ओरड केली. मर्सिडीजने त्याच वर्षी बार्सिलोनाला मागच्या पाइपाला सनईसारखं फाकलेलं तोंड लावून पाहिलं. उपयोग झाला नाही. शेवटी २०१६ पासून वेस्टगेटचा, म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा, पाइप वेगळा काढायला लावला, तेवढाच आवाज वाढला.

"म्हणजे लोक आवाज वाढवा म्हणून रडले?" मी म्हटलं.

"तिकीट काढून गेलेले होते ते. आपण काढलंय का तिकीट?" माई म्हणाल्या.

मला वाटतं, त्या पोराला कुणीतरी एवढंच अर्धं सांगितलं असणार. टर्बो आवाज खातो, हे खरं. पण शर्यतीतली गाडी आणि साडेअकराला बाळं झोपलेली गल्ली यांच्यातला फरक सांगायला कुणी थांबत नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडायची तर चाचणीत तिचा आवाज ७४ डेसिबलच्या आत असावा लागतो, टर्बो धरून आणि डबा धरून. अशा चाचण्या करणारी एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर, १९६६ पासूनची. डबा काढला की तो आकडा गेलाच. डेसिबलचा हिशेबही चमत्कारिक असतो. दहाने वाढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि राहत्या वस्तीत रात्री दहानंतरची मर्यादा किती, तर ४५. ते तर आमच्या गल्लीत दोन कुत्री भांडली तरी ओलांडतं.

"पण गाडी जोरात पळत असेल ना?" मी विचारलं. "काहीतरी मिळत असेल म्हणूनच करतात ना ही पोरं?"

याची अप्पा वाटच बघत होते. कोयनेचं घ्या, म्हणाले. वीज पाण्याने होत नाही, वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यातल्या उंचीने होते. टर्बाइन फिरवून झालं की पाणी बोगद्यातून पलीकडे वाशिष्ठीकडे सुटलं पाहिजे. तिकडे तुंबलं, तर वर कितीही साठा असू दे, चक्र मंदावणार. टर्बोचंही तेच. चक्राच्या आधी दाब जास्त आणि मागे कमी, हा फरक जेवढा मोठा तेवढं ते चटकन फिरतं. म्हणून "इंजिनाला मागून थोडा दाब लागतोच" असं गॅरेजवाले सांगतात, ते टर्बो गाडीला मुळीच लागू नाही. चक्राच्या मागे जेवढी मोकळीक तेवढं बरं.

"मग पोरगा बरोबरच म्हणतोय की!"

"थांबा हो. मोकळीक कुठे केली, ते बघा. टर्बोच्या लगेच मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, मग वाकडातिकडा पाइप. अडवणूक असते ती तिथे. मागचा डबा हा शेवटचा, तोवर वायू थंड होऊन आक्रसलेला असतो. तो काढून जी ताकद वाढते, ती त्याला बुडाखाली जाणवणारही नाही. जाणवतो तो आवाज. आवाज वाढला की गाडी पळाल्यासारखी वाटते."

आणि दुसरं असं, की आताच्या गाड्यांत टर्बोचा दाब गाडीतला संगणक ठरवतो. किती जोर द्यायचा, हे त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. मागे मोकळीक मिळाली, की तो वेस्टगेटची झडप थोडी जास्त उघडतो आणि जोर होता तिथंच आणून ठेवतो. वही बदलायची असेल तर रिमॅप करावं लागतं, आणि मग गिअरबॉक्सची काळजी आली, हमी गेली. जुन्या जपानी गाड्यांचा धोका उलटा. सुबारू इम्प्रेझासारख्या गाड्यांना मोठे मोकळे पाइप बसवले की वेस्टगेटचं छोटं भोक पुरेनासं व्हायचं आणि दाब आपोआप चढत राहायचा. ठरवला होता त्यापेक्षा जास्त. मग इंजिन आतून ठोकायला लागतं, आणि पिस्टनला भोक पडलेलं गॅरेजमध्ये गेल्यावर कळतं.

"याला तेवढं तरी झालं असतं," माई पुटपुटल्या. त्या दुष्ट नाहीत. त्यांचा नातू मागच्या खोलीत झोपतो.

एवढ्यात माईंनी त्यांच्याकडची ताजी बातमी काढली. गेल्या रविवारी चिरंजीव आईला घेऊन मुंबईला गेले होते, मावशीकडे. द्रुतगती मार्गावर शंभरचा वेग धरला आणि आईचं डोकं धरलं. खोपोली येईपर्यंत त्यांनी दोनदा गाडी बाजूला घ्यायला लावली. "आवाज मोठा नव्हता म्हणाली, पण कपाळात घुमत होता. परत येताना रेल्वेने आली!"

"घुमणारच," अप्पा म्हणाले. त्यांनी पेपराच्या कोऱ्या कडेवर पेनने गणित मांडलं. शंभरच्या वेगाला इंजिनाचे साधारण एकवीसशे फेरे धरा. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे मिनिटाला बेचाळीसशे, सेकंदाला सत्तर. सत्तर हर्ट्झची ही खोल गुणगुण गाडीच्या बंद केबिनला नेमकी मानवते, आत घुमते. चालवणाऱ्याला ती अंगात आल्यासारखी वाटते, शेजारी बसलेल्याच्या कपाळात जाते. तीन सिलिंडरांची गाडी असेल तर त्याच फेऱ्यांना आणखी खालचा सूर लागतो. कंपन्या याच्यावरच महिनोन् महिने घालवतात. पाइपाला एक बाजूची पोकळी जोडतात, तिची लांबी-रुंदी अशी काढतात की घुमणारा सूर तेवढाच तिथं जाऊन मरतो. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे गणित दीडशे वर्षांपूर्वी बसवलं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, त्यामागचं.

मला हे ऐकून त्या डब्याविषयी आदरच वाटायला लागला. मी इतके दिवस समजत होते, की आत नुसता चिंधी-बोळा असेल. अप्पांनी सांगितलं, तसेही असतात. मधोमध भोकाभोकांची नळी सरळ जाते, भोवती काचेची तंतुमय लोकर ठासलेली. वायूला अडवणूक जवळजवळ नाही, पण वरचे कर्कश सूर लोकर पिऊन टाकते. दुसऱ्या जातीत आत कप्पे असतात, नळ्या एकमेकींना चुकवून जातात, आणि लाटा परत फिरून एकमेकींना मारतात. कंपनीच्या गाडीत बहुधा दोन्हींची मिसळ असते. अमेरिकेत रीव्हज बंधूंनी १८९७ सालीच असं काही पेटंट केलं होतं. बंदुकीचा सायलेन्सर काढणारा हायरम पर्सी मॅक्सिम, त्याने १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे इंजिनांचेही केले. त्याचा बाप मॅक्सिम मशिनगनचा जनक. बाप बंदुका उडवून बहिरा झाला आणि मुलाने आवाज बंद करायचं दुकान काढलं.

"तेव्हा तर गाड्यांना पायाशी खटका असायचा," अप्पा म्हणाले. "दाबला की वायू डब्याला वळसा घालून थेट बाहेर. चढावर दाबायचा, गावात सोडायचा. पण लोक गावातच दाबायला लागले, तेव्हा शहरांनी बंदी घातली."

"मग याला तसा खटका बसवा म्हणावं. चांदणी चौकात सोडायचा."

"आता असतात तसे. महागड्या गाड्यांना कंपनीच झडप देते. सकाळी शहाण्यासारखी, रस्त्यावर मोकळी."

चिरंजीवांनी आणखी एक दाखला दिला होता म्हणे, फियाट ५०० अबार्थचा. २०१२ साली अमेरिकेत विकलेल्या त्या छोट्या गाडीला १.४ लिटरचं टर्बो इंजिन होतं आणि नेहमीसारखा मफलर दिलाच नव्हता. हेही खरं आहे. पण ती संपूर्ण गाडी तशी आखून, पाइपाची प्रत्येक लांबी ठरवून, तिथल्या आवाजाच्या कायद्यात बसवून विकली. ग्राइंडरने डबा कापून टाकणं वेगळं. आणि अबार्थचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्यावं. कार्लो अबार्थने १९४९ साली इटलीत कंपनी काढली आणि त्याच्या शर्यतीच्या गाड्यांचा खर्च कशावर निघाला, तर सायलेन्सर विकून. लोकांच्या साध्या फियाटांना बसवायचे सायलेन्सर, लाखांनी खपले. त्याच अबार्थच्या नावाची पुंटो २०१५ साली आपल्या रांजणगावात तयार होत होती, १४५ अश्वशक्तीची टर्बो. तिला डबा होता.

"रांजणगावला गणपतीला गेलो होतो तेव्हा हे मला देवळाऐवजी कारखान्याचं फाटक दाखवत होते," माई म्हणाल्या. मग एकदम भिंतीवर वाकल्या आणि आवाज खाली आणला. आमच्याकडे महत्त्वाची बातमी या उंचीवर येते. "परवा नळ स्टॉपला अडवला त्याला."

"पोलिसांनी?"

"मग काय मावशीने? म्हणतो कसा, साहेब, सायलेन्सर म्हणजे बुलेटवाल्यांचं असतं ना! ते इंदोरी, फटाके वाजवणारे."

इथं मला त्याची खरंच कीव आली. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवल्याचे फोटो अधूनमधून पेपरात येतात, त्यामुळे पोरांचा समज झालाय की मोटारीला कुणी विचारत नाही. नियम वाहन बघत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर हवा असं म्हणतो, शेतीचा ट्रॅक्टरही त्यात आला. मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम २०१९ च्या दुरुस्तीनंतर आणखी कडक झालं. आवाजाचं प्रमाण मोडलं तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाद. चौकात इतकं कुणी ताणत नाही ही गोष्ट निराळी.

"त्याने पीयूसी दाखवलं," माई म्हणाल्या. "पास आहे म्हणाला."

अप्पा हसले. "पीयूसीत आवाज मोजत नाहीत. धूर मोजतात. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड किती, न जळलेलं इंधन किती, झालं. बिनडब्याची गाडी त्यात छान पास होते, फक्त कॅट जागेवर पाहिजे." आणि ते थांबले. "माई, कॅट आहे ना जागेवर?"

"मांजर?"

"मधला. ज्यात धूर साफ होतो तो."

माईंची पुढची बातमी अशी, की गॅरेजवाला काढलेला माल फुकट मागत होता, कारण त्यात प्लॅटिनम असतं. अप्पांनी ती तिथल्या तिथे खोडली. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं ते कॅटमध्ये, म्हणून जगभर त्याच्या चोऱ्या होतात. मागच्या डब्यात काय आहे? पत्रा आणि लोकर. भंगारवालाही नाक मुरडेल. पण कॅट जर खरंच काढला असेल, तर मग प्रकरण आवाजापुरतं राहत नाही, दुसरा ऑक्सिजन सेन्सर लगेच बोंब मारतो आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

"सकाळी गाडी सुरू करतो तेव्हा वास येतो का? डोळे चुरचुरतात का?"

माईंनी विचार केला. अशा वेळी त्या फार प्रामाणिक असतात. "नाही. आवाज येतो, वास नाही. आणि दिवाही नाही लागत, त्याची आई म्हणाली असती."

"मग कॅट आहे. फक्त डबा गेलाय. काही बिघडलेलं नाही."

"आणि डबा गच्चीवर आहे," माईंनी शेवटचं पान टाकलं. "टाकीच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. प्लॅटिनमचं गॅरेजवाला म्हणाला होता, तो काय म्हणाला तेवढंच मी सांगितलं."

आता अप्पांनी ताबा घेतला. पोराला संध्याकाळी बोलावतो म्हणाले. आवाजच हवा असेल तर कंपनीच्या डब्याच्या जागी सरळ नळीचा, लोकर भरलेला चांगला डबा बसव, खोल सूर येईल आणि कर्कश वाटणार नाही. तेही आधी मोजून, कागद बघून. नाहीतर जुना आहे तो लाव, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं, तो ऐकेल का? अप्पा म्हणाले, आई रेल्वेने परत आली त्या दिवसापासून तो ऐकायच्या बेतात आहे, कुणी म्हणण्याची वाट बघतोय.

"फक्त त्याला सांगा," माईंना ते म्हणाले, कारण सांगायचं काम त्यांच्याकडेच जाणार होतं, "डबा कापून काढलाय की बोल्ट सोडून, ते आधी बघ म्हणावं. कापला असेल तर जोडपट्टी लागेल. आणि रबरी हँगर नवे घे. जुने इतक्या वर्षांत कडक झालेत, तसेच लावले तर डबा पाइपाला आपटत राहील."

"म्हणजे आता खडखड?" माई म्हणाल्या.

"दोनशे-चारशे रुपयांचं रबर आहे. नाही घेतलं, तर खडखड."

माईंनी कढीपत्त्याची जुडी माझ्याकडे दिली आणि चप्पल घालून फाटकाकडे निघाल्या. संध्याकाळपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता.